अनुभव धागा : लिहिता-वाचता समाज आणि धर्माधिकाऱ्यांचा मान

धागाकर्ती : शिक्षण वाढले की धर्मगुरूंचा मान घटतो, असे सरसकट बोलले जाते. मला ते अर्धेच पटते. पूजा, निकाह, मिस्सा (चर्चमधली उपासना), कीर्तन यांपैकी काहीच बंद पडलेले नाही, उलट बोलावणी वाढली आहेत. बदलले आहे ते मान कशाला द्यायचा याचे माप. या क्षेत्रांत जाणत्या असलेल्या सभासदांना मुद्दाम बोलावले आहे. आत्मचरित्र नको. तुमच्या क्षेत्रात काम कसे चालते, शिकलेली माणसे काय विचारतात आणि कुठे चुकते, ते नेमके लिहा. कोणाच्याही धर्माची वा जातीची हेटाळणी चालणार नाही.

तिथीनिर्णय : सुरुवात पंचांगापासून करतो, कारण गावच्या जोश्याचा दरारा पोथीपेक्षा पंचांगावर जास्त उभा होता. पाडव्याचे वर्षफल, लग्नाचा मुहूर्त, एकादशी आज की उद्या, हे सगळे त्याच्या तोंडून कळायचे. १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग छापले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून छापील पोथीला विटाळ मानणारे लोक होते, त्यांच्यासाठी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते. तरीही पंचांग वाचता येणारी घरे मोजकीच होती. खरा फरक १९७३ नंतर पडला. कालनिर्णय भिंतीवर आले, सातवी शिकलेली गृहिणी संकष्टीचा चंद्रोदय स्वतः बघू लागली, आणि तिथी विचारायला जोश्याकडे जाणे थांबले.

पण छापील आकडा वाचणे वेगळे आणि निर्णय करणे वेगळे. नेहमी होणारी गफलत म्हणजे मुंबईचा चंद्रोदय नागपुरात धरणे. नागपूर मुंबईच्या सुमारे ६ अंश पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे चंद्र साधारण २५ मिनिटे आधी उगवतो. दुसरी गफलत एकादशीची. सूर्योदयाच्या ४ घटिका आधी, म्हणजे ९६ मिनिटे आधी, अरुणोदय सुरू होतो. त्या वेळी दशमी उरलेली असेल तर भागवत संप्रदायी लोक ती एकादशी सोडून दुसऱ्या दिवशी उपास करतात. म्हणून कधी कधी स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या छापलेल्या दिसतात. हे गणित कागदावर मांडून दाखवणाऱ्या जोश्याकडे आजही माणसे आदराने जातात. ‘शास्त्रात असेच आहे’ एवढ्यावर थांबणाऱ्याला मात्र आता कोणी विचारत नाही.

जुने दप्तर : मानाच्या मागे कायदा आणि पैसा उभा होता, तो भाग विसरून चालणार नाही. पाटील-कुळकर्ण्यांसारखे जोशीपणाचेही वतन असे. यजमानाने दुसऱ्याकडून विधी करून घेतला, तरी वतनदार जोशी दक्षिणेवर हक्क सांगत कोर्टात जाऊ शके. म्हणजे दक्षिणा ही खुशीची देणगी नव्हती, ते वसूल करता येणारे येणे होते.

जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापला. शाळा आणि पुरोहिताविना लग्न या दोन गोष्टी त्यांनी एकाच कामाच्या दोन बाजू मानल्या. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. १८८७ मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधी मराठीत छापला. या विधीत वधू आणि वर एकमेकांना उद्देशून मंगलाष्टके म्हणतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांबद्दल वराकडून वचन मागते. ज्याला वाचता येते असा कोणीही हा विधी चालवू शकतो. पुस्तक आणि वाचता येणारा माणूस असला की वतनदाराची गरज संपली, ही त्यातली खरी ताकद.

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या जोश्यांनी अशा लग्नावरून बाळाजी कुसाजी डुंबरे पाटलांवर दावा लावला. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले आणि १८९० मध्ये निकाल पाटलांच्या बाजूने लागला. सरसकट सुटका व्हायला मात्र १९२६ उजाडावे लागले. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात लावून धरलेल्या विधेयकातून कायदा झाला, आणि ज्याला बोलावले नाही त्या जोश्याचा दक्षिणेवरचा दावा संपला. त्या दिवसापासून गुरुजींना मिळणारा मान ऐच्छिक झाला. माझ्या मते महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा पालट आहे आणि त्याची आठवण फार कमी जण काढतात.

कोल्हापूरचाही उल्लेख हवा. १८९९ मध्ये पंचगंगेवर राजपुरोहितांकडून शाहू महाराजांसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या मंत्रांऐवजी शूद्रांसाठी मानलेले पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, तिथून वेदोक्त प्रकरण पेटले. शाहू महाराजांनी राजोपाध्यांचे वतन काढून घेतले, हे सर्वांना माहीत असते. त्यापुढचे दोन निर्णय जोडून पाहिले जात नाहीत. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. १९२० मध्ये मराठा पुरोहित घडवण्यासाठी वैदिक विद्यालय काढले आणि क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे मराठ्यांच्या स्वतंत्र धर्मगुरूंचे, पीठ निर्माण केले. आधी अक्षर, मग पौरोहित्य, असा तो क्रम होता.

रेवाशंकर : @जुने दप्तर, आज सत्यशोधक पद्धतीने लग्न केले तर कायद्याने अडचण येते का? तामिळनाडूने आत्मसन्मान विवाहांसाठी (पुरोहिताविना लागणाऱ्या लग्नांसाठी) हिंदू विवाह कायद्यात ७-अ कलम घातले, तसे आपल्याकडे आहे का?

जुने दप्तर : आपल्याकडे तसे स्वतंत्र कलम नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वधू किंवा वर यांच्यापैकी एकाच्या रूढीचा विधी व्हावा लागतो. विधीच झाला नसेल तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितले. म्हणून सुरक्षित वाट अशी : समारंभ हवा तसा करा आणि विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्याकडे नोंदणी करा. वधू-वरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे, नोटिशीनंतर ३० दिवस थांबावे लागते आणि ३ साक्षीदार लागतात. लग्नपत्रिका छापून झाल्यावर ३० दिवसांची आठवण होते आणि मग सगळी धावाधाव होते. नोटीस दोन महिने आधी द्या.

नेहमीच्या नोंदणीत, म्हणजे महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालील ज्ञापनात (नोंदणीच्या अर्जात), ३ साक्षीदारांबरोबर विधी लावणाऱ्या पुरोहिताची वा काझीचीही सही लागते. नोंदणी ९० दिवसांत करावी. गुरुजींचे पूर्ण नाव, पत्ता आणि सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा, नंतर शोधत फिरू नका.

पळी-पंचपात्री : पौरोहित्य करणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. शिकलेल्या यजमानाचे तीन प्रश्न ठरलेले असतात : हे का करायचे, याचा अर्थ काय, आणि एकूण खर्च किती. तिन्हींची उत्तरे पूजेच्या आधी दिली की पूजा शांतपणे होते.

सत्यनारायणाचेच घ्या. साहित्याची यादी आठवडाभर आधी लेखी द्यावी. रवा, साखर, तूप सव्वाच्या मापात. वीसेक माणसांना प्रसाद म्हणून द्यायचा तर सव्वा किलो रवा भरपूर होतो, नुसत्या नैवेद्यापुरता सव्वा पाव पुरतो. ही गोष्ट सांगितली नाही की सव्वा किलो तूप आणले जाते आणि वाया जाते. सुपाऱ्यांचा हिशेब सांगावा : गणपतीची १, नवग्रहांच्या ९, अष्टदिक्पालांच्या ८, शिवाय विड्यावरच्या वेगळ्या. हिशेब कळला की ‘एवढ्या सुपाऱ्या कशाला’ हा प्रश्न आपोआप मिटतो. दक्षिणाही आधीच सांगावी. ‘तुमच्या इच्छेने द्या’ म्हणायचे आणि पाकीट उघडल्यावर चेहरा पाडायचा, याने जितका मान गेला तितका कोणत्याही सुधारकाच्या टीकेने गेला नसेल.

अर्थ कुठे सांगायचा हे ठरवून घ्यावे. संकल्प, गणपतिपूजन, कलशपूजन आणि प्रधानपूजा या चार जागा पुरतात. पूजा आणि पाच अध्यायांची कथा मिळून सुमारे दोन तास लागतात, अर्थाची त्यात वीस-पंचवीस मिनिटे वाढतात. प्रत्येक उपचाराला थांबून प्रवचन केले की यजमानाचे पाय अवघडतात, स्वयंपाकघरात नैवेद्य निवतो आणि ऐकणारे फोनकडे वळतात. संकल्प सांगताना शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र हा क्रम उलगडून दाखवावा. आपण काळात आणि जागेत कुठे बसलो आहोत याची ती नोंद आहे, आणि ते ऐकून शाळकरी मुलेसुद्धा लक्ष देतात.

सर्वांत मोठी चूक खोटे विज्ञान सांगण्याची. घंटेच्या नादाने जंतू मरतात, होमाच्या धुराने ओझोनचे भोक बुजते, असली विधाने करू नयेत. समोर बारावीत भौतिकशास्त्र शिकणारी मुलगी बसलेली असते. एक विधान तिने खोडले की उरलेल्या शंभर खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जातो. ‘ही परंपरा आहे, याचा आधार अमुक ग्रंथात आहे, याचा प्रतीकार्थ असा मानतात’ असे सरळ सांगावे. आणि माहीत नसेल तर बघून सांगतो म्हणावे. शिकलेली माणसे या उत्तराचा मान राखतात.

नमकचमक : बायकांच्या पौरोहित्याबद्दल. पुण्यात १९७० च्या दशकात उद्यान प्रसाद कार्यालयात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. ज्ञान प्रबोधिनीने जात आणि लिंग न पाहता पुरोहित तयार केले आणि विधींच्या पोथ्या मराठी अर्थासह काढल्या. त्याहूनही आधी साकोरीला उपासनी महाराजांच्या आश्रमात कन्या वेदपठण आणि यज्ञ करत होत्या. या सगळ्यांना घरोघर स्वीकारणारा वर्ग कोण होता? संस्कृत विषय घेऊन मॅट्रिक झालेल्या, नोकरी केलेल्या बायका आणि त्यांचे नवरे. ऐकणाऱ्याला शुद्ध-अशुद्ध कळू लागले, तेव्हा म्हणणाऱ्याचा जन्म गौण ठरला.

शिकण्याचा क्रम साधारण असा असतो : आधी गणपती अथर्वशीर्ष आणि सूक्ते, मग षोडशोपचार पूजा, सत्यनारायण, पुण्याहवाचन, मग रुद्र, वास्तुशांती, विवाह, आणि शेवटी अंत्यविधी व श्राद्ध. रुद्राला घाई करू नये. नमक आणि चमक हे त्याचे दोन भाग, आणि दोन्हींचे ११-११ अनुवाक (खंड) आहेत. नमकाची ११ आवर्तने आणि प्रत्येक आवर्तनाला चमकाचा एकेक अनुवाक, मिळून एकादशनी होते. अशा ११ एकादशनी म्हणजे लघुरुद्र, म्हणजे १२१ आवर्तने. ११ जणी बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ११ येतात. एकीचा वेग पुढे गेला की सगळ्यांचा श्वास तुटतो, म्हणून एकच गट वर्षभर एकत्र म्हणत राहणे आवश्यक आहे.

चुका कुठे होतात तर ऱ्हस्व-दीर्घात, विसर्गात, आणि लांब समास मध्येच तोडण्यात. पुस्तकावरून एकटीने पाठ केलेले नंतर सुधारायला दुप्पट वेळ लागतो. आधी ऐकावे, मग म्हणावे, पुस्तक तिसऱ्या पायरीला उघडावे.

अजूनही अंत्यविधीला आणि श्राद्धाला बाईला बोलावताना घरे कचरतात. लग्न-मुंजीत मिळालेला मान तिथपर्यंत पोहोचलेला नाही. एक निरीक्षण मुद्दाम नोंदवते : ज्या घरात मुलीने अग्नी द्यायचे ठरवलेले असते, त्या घरात हा प्रश्नच येत नाही.

टाळकरी : वारकरी कीर्तनात मान ‘प्रमाणा’ला आहे. बुवांनी विधान केले की त्याला अभंगाचे वा ओवीचे प्रमाण द्यावे लागते. तुकोबांची गाथा १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली, १९५० मध्ये सरकारी प्रत आली, आणि साडेचार हजारांहून अधिक अभंग घराघरांत पोहोचले. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोगांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणत्याही जातीचा मुलगा ज्ञानेश्वरी, गाथा, संस्कृत शिकून कीर्तनाला उभा राहू लागला. फडाच्या (वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या) वारशाइतकाच अभ्यासाचाही मान मिळू लागला.

आताचा श्रोता मोबाइलवर गाथा उघडून बसतो. त्याचा फायदा असा की खोट्या प्रमाणांना आळा बसला. तुकोबांच्या नावावर खपवलेल्या ओळी लगेच पकडल्या जातात. तोटाही आहे. विनोदी चुटक्यांचे तुकडे फिरतात आणि त्यावरून बुवांचे मानधन ठरते. दोन तासांच्या कीर्तनात निरूपणाला पाऊण तासही उरत नसेल, तर शिकलेला श्रोता हळूहळू उठून जातो आणि हशा मागणाराच मागे राहतो. आयोजकांनी अभंग आधी कळवायला सांगावे. मग बुवाही तयारीने येतात, श्रोतेही वाचून येतात.

चंद्रभागा : मंदिराच्या कारभाराबद्दल. पंढरपुरात बडवे, उत्पात ही पुजारी घराणी आणि सात सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क होते. देवापुढची ओवाळणी गोळा करण्याच्या हक्काचा लिलाव व्हायचा. ज्याने बोली लावली त्याला पैसे वसूल करायचे असत, आणि दर्शनाला आलेल्या वारकऱ्याशी होणारी दमदाटी त्यातूनच येई. माणसे वाईट होती असे म्हणून भागत नाही, पद्धतच तशी होती. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणाने मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले झाले. मंदिराच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या नाडकर्णी आयोगानंतर पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३ झाला. त्यावर चाळीस वर्षे कोर्टकज्जे चालले, आणि १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात बडवे-उत्पातांचे हक्काचे दावे संपले. त्याच वर्षी समितीने सर्व जातींच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागवले.

आपल्या गावच्या देवस्थानाचा हिशेब पाहणे अवघड नाही, फक्त पायऱ्या माहीत हव्यात. पहिली पायरी : देवस्थान नोंदलेले आहे का हे धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात पाहा. नोंदणी क्रमांक पावतीवर छापलेला असतो. दुसरी : परिशिष्ट १ चा उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावे, उत्तराधिकाराची पद्धत, स्थावर-जंगम मालमत्ता असते. तिसरी : लेखापरीक्षकाचा अहवाल, ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक पाहा. हिशेब ३१ मार्चला मिटतो आणि त्यानंतर सहा महिन्यांत अहवाल व्हायला हवा, अगदी छोट्या उत्पन्नाच्या न्यासांना सवलत असते.

नेहमीचा गोंधळ चेंज रिपोर्टचा. विश्वस्त वारला वा बदलला की ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. ते होत नाही, वीस वर्षांनी उताऱ्यावर मृत माणसांचीच नावे दिसतात, आणि मग जमिनीचे वा बँकेचे काम अडते. गावातली शिकलेली मुले कधी कधी यात विश्वस्तांचा हेतू वाईट होता असे धरून चालतात. पुष्कळदा अर्ज कसा भरायचा हे कोणालाच माहीत नसते. आधी मदत करा, मग शंका घ्या.

दानपेटी उघडताना तारीख फलकावर लावावी, किमान दोन विश्वस्तांबरोबर विश्वस्त नसलेले दोन ग्रामस्थ बसवावेत, नोटांची वर्गवारी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम त्याच दिवशी बँकेत भरावी. जिथे हे नियमाने होते, तिथे विश्वस्तांना लोक आपणहून मान देतात.

गोव्यातले वाचक असतील तर त्यांच्यासाठी : तिथे १९३३ चा पोर्तुगीजकालीन देवस्थान कायदा लागू आहे, महाजनांची (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची) समिती निवडली जाते आणि मामलेदाराची देखरेख असते. इथले नियम तिथे लावू नयेत.

खाडीपल्याड : मुसलमान समाजात हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध सात स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. तेव्हा सात बायका मिळवणे कठीण होते. आज कोकणातल्या, मराठवाड्यातल्या शिकलेल्या मुली निकाहनामा सही करण्याआधी वाचतात. मला हाच बदल सर्वांत मोलाचा वाटतो.

वाचताना तीन रकाने नीट पाहा. मेहेरची रक्कम, ती रोख दिली की उधार ठेवली, आणि विशेष अटी. तत्काळ द्यायच्या मेहेरला मुअज्जल आणि पुढे द्यायच्या मेहेरला मुवज्जल म्हणतात. उच्चार जवळचे असल्याने लिहिताना घोळ होतो, म्हणून शेजारी मराठीत ‘आज दिले’ किंवा ‘बाकी’ असे लिहून घ्यावे. नाममात्र रक्कम लिहून मोकळे होण्याची रीत मुलीच्या हिताची नाही. अटींचा रकाना रेघ मारून सोडतात. शिक्षण पूर्ण करणे, नोकरी करणे या अटी तिथे लिहिता येतात, आणि जाणता काझी त्याला हरकत घेत नाही.

अनेकांना ठाऊक नसते की १८८० च्या काझी कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे : सरकारने काझी नेमला म्हणून निकाहाला त्याची हजेरी आवश्यक ठरत नाही. हनफी पद्धतीत (सुन्नी मुसलमानांच्या एका विधिपरंपरेत) प्रस्ताव, स्वीकार आणि साक्षीदार महत्त्वाचे. तरीही लोक काझींना बोलावतात, आणि जो मुलीची संमती तिच्याकडून स्वतः ऐकून घेतो, अर्थ मराठीत किंवा दखनीत समजावतो, त्याला लांबून बोलावणी येतात.

धम्मपहाट : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी आठवी अशी की ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करून घेणार नाही. नकार दिला तसा पर्यायही उभा केला : बौद्धाचार्य. भारतीय बौद्ध महासभा त्यांना शिबिरांतून तयार करते. हे काम शिक्षक, कारकून, रेल्वे कर्मचारी, निवृत्त माणसे करतात. जन्माचा अधिकार नाही, उपजीविकाही नाही.

विवाहविधी साधा आहे. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्प-दीप-धूप, त्रिशरण-पंचशील, वधू-वरांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, जयमंगल अष्टगाथा, शेवटी सरणत्तय ही समारोपाची गाथा. पाऊण तासात आटोपतो. चुकते ते असे : पाली गाथा पाठ असतात, अर्थ सांगितला जात नाही. मग तरुण मुले विचारतात की संस्कृतऐवजी पाली आले, आम्हाला काय कळले? प्रश्न रास्त आहे. पंचशीलाच्या प्रत्येक ओळीनंतर मराठी अर्थ म्हणवून घेतला तर पाच-सात मिनिटेच वाढतात. हळद, मुहूर्त, अक्षता मागच्या दाराने परत येतात तेव्हाही रागावण्यापेक्षा प्रतिज्ञांची छापील प्रत दोन्ही घरी महिनाभर आधी द्यावी.

उत्तर वसई : आमच्या कॅथलिकांकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत आली. वाचने प्रापंचिक स्त्री-पुरुष करू लागले. १९८३ च्या कॅनन लॉमधील (चर्चच्या कायद्यातील) ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामाला (पॅरिशला) अर्थसमिती बंधनकारक केली. फादर आणि लोकांचे खटके उडतात ते श्रद्धेवरून क्वचितच, बहुतेक वेळा बांधकामाचा खर्च आणि जमीन यांवरून. जिथे अर्थसमितीत सनदी लेखापाल, इंजिनिअर अशी माणसे आहेत आणि फादर त्यांचे ऐकतात, तिथे रविवारी वार्षिक हिशेब वाचून दाखवला जातो आणि वाद चर्चच्या पायरीवर येत नाही.

चिकित्सा : वरच्या सगळ्या नोंदी वाचून असे वाटेल की शिक्षण आले म्हणजे माणूस आपोआप विचारी झाला. तसे होत नाही, आणि हे स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य समजतो. बुवांच्या दरबारात डॉक्टर आणि इंजिनिअर पहिल्या रांगेत बसतात. आजार, संतती, नोकरी, जमिनीचा दावा या चार जागी पदवीचा उपयोग होत नाही, कारण तिथे माणसाला माहिती नको असते, दिलासा हवा असतो.

शाळांमधून चमत्कारांची प्रात्यक्षिके होतात. लिंबातून रक्त निघते, कारण सुरीला मिथिल ऑरेंज लावलेले असते आणि लिंबाच्या आम्लाने ते लाल होते. विभूती अंगठ्याच्या बेचक्यात दाबलेल्या वडीतून येते. मुलांना मजा येते, पण नुसती युक्ती उघड केली तर मूल एवढेच शिकते की हा बुवा खोटा, दुसरा खरा असेल. म्हणून प्रात्यक्षिकानंतर अर्धा तास राखून ठेवावा आणि मुलांकडूनच काढून घ्यावे : दावा काय होता, तो तपासायचा कसा, सुरी आणि लिंबू आपण आणले असते तर काय झाले असते. हा अर्धा तास वगळला की कार्यक्रम जादूचा खेळ होऊन बसतो.

कायदा माहीत असावा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २४ ऑगस्ट २०१३ रोजी जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. अनुसूचीत १२ कृत्ये आहेत. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. वारी, कीर्तन, पूजा, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही, आणि हे गावात पहिल्यांदा सांगावे. नाहीतर देवधर्मावर बंदी आली अशी हूल उठते आणि पीडित बाई तक्रार द्यायला धजत नाही. जातपंचांनी वाळीत टाकले असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे. तक्रारीत तारीख, ठिकाण, कोण हजर होते आणि नेमके शब्द लिहावेत. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही.

रेवाशंकर : @चंद्रभागा, उतारा मिळाला, हिशेब मागितला, आणि विश्वस्तांनी सरळ नकार दिला तर पुढे काय?

चंद्रभागा : आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी नकाराला पुरावा नसतो. पंधरा दिवस वाट पाहा. मग धर्मादाय कार्यालयातून दाखल झालेल्या अहवालांच्या प्रती अर्ज करून घ्या. तिथे अहवालच दाखल नसतील तर तेवढी एक गोष्ट तक्रारीला पुरेशी आहे. न्यासात हितसंबंध असलेल्या किमान दोघांनी मिळून तक्रार द्यावी, एकट्याच्या तक्रारीवर वैयक्तिक वैराचा शिक्का बसतो. हिशेबात सतत कसूर असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ४१-ड खाली विश्वस्तांचे निलंबन किंवा त्यांना दूर करण्याची तरतूद आहे. पुजाऱ्यांना यात ओढू नका. बहुतेक गावांत पेटीची किल्ली त्यांच्याकडे नसते.